कर्जदारासाठी जे केलंत, ते ठेवीदारासाठीही करा : रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई
आणि महाराष्ट्रात शाखा असलेल्या सर्व बँकांचे प्रमुख
प्रत : मा. सहकार आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : बचत खात्यावरचं व्याज, अल्प मुदतीच्या ठेवी आणि ठेवीदाराला न मिळणारी माहिती

महोदय,
स. न. वि. वि.

मी कराड तालुक्यातल्या एका गावात राहते. घरची दोन एकर बागायत आहे, त्यात ऊस. लग्नाआधी बी.कॉम. केलं होतं, म्हणून घरचा हिशेब माझ्याकडे आला आणि गेली नऊ वर्षं आमच्या बचत गटाचं दप्तरही मीच सांभाळते.

आमच्याकडे पैसा पगारासारखा महिन्याच्या महिन्याला येत नाही. ऊस तुटतो डिसेंबर-जानेवारीत. बिलाचा हप्ता खात्यावर पडतो जानेवारी-फेब्रुवारीत. मोठा खर्च उभा राहतो जूनमध्ये : शाळा-कॉलेजच्या फिया, वह्या-पुस्तकं, खतं, आडसाली लागणीची तयारी. मधले चार-पाच महिने तो पैसा बचत खात्यात पडून असतो. घरात कोणी त्याला हात लावत नाही, कारण तो जूनचा पैसा असतो.

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत आम्ही बारा जणींनी आपापली पासबुकं भरून आणली आणि एका चटईवर मांडली. बारा घरांचे मिळून ११ लाख ४० हजार रुपये बचत खात्यांत होते. मुदत ठेवीची पावती होती फक्त तिघींकडे. बचत खात्याच्या अडीच टक्क्यांनी या रकमेवर वर्षाला २८,५०० रुपये व्याज होतं, मुदत ठेवीच्या सहा टक्क्यांनी ६८,४०० होतं. फरक जवळपास ४० हजारांचा. आमच्या बारा जणींची महिन्याला दोनशेप्रमाणे वर्षाची बचत भरते २८,८००. म्हणजे ही रक्कम वर्षभर तशीच राहिली, तर पोटाला चिमटा काढून आम्ही वर्षात जेवढं साठवतो, त्याहून जास्त आम्ही न कळता सोडून देतो. त्या दिवशी घरी जाताना कोणी फारसं बोललं नाही. हे पत्र लिहायचं तिथेच ठरलं.

त्या बैठकीला निमित्त झालं माझ्या जाऊबाईंच्या एका कागदाचं. थोरले दीर एस.टी.त होते. २०२३ च्या दिवाळीत ते गेले. त्यांच्या देण्याचे ४ लाख रुपये जानेवारी २०२४ मध्ये जाऊबाईंच्या बचत खात्यावर जमा झाले आणि चौदा महिने तिथेच राहिले, २.७० टक्क्यांवर. व्याज मिळालं १२,६००. त्या काळात एक वर्षाच्या ठेवीला पावणेसात टक्क्यांच्या आसपास दर होता, त्या दराने साडेएकतीस हजार झाले असते. या चौदा महिन्यांत त्या किती तरी वेळा शाखेत गेल्या, पासबुक भरून घेतलं, केवायसी दिली. समोरच्या पडद्यावर खात्यातली रक्कम दिसत असणार. ‘वहिनी, हे पैसे इथे कशाला ठेवलेत, पावती करा’, असं कोणी म्हटलं नाही. शेवटी मार्च २०२५ मध्ये त्या स्वतःहून एफडी करायला गेल्या, तेव्हा त्यांना टेबलापाशी बसवून चहा दिला आणि एक लाखाची विमा पॉलिसी काढून दिली. ‘एफडीच आहे, फक्त व्याज जास्त आहे’, असं सांगितलं. आता दुसऱ्या हप्त्याची नोटीस आल्यावर कळलं की दर वर्षी एक लाख, असं पाच वर्षं भरायचं आहे. पॉलिसी परत करायला ३० दिवसांची मुदत असते, ती कधीच गेली. कागद सगळा इंग्रजीत. तो त्यांनी दिरांच्या फोटोमागे जपून ठेवला होता.

बँकेचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं तर एका शाखेची चौकशी होईल आणि विषय मिटेल. माझं म्हणणं एका शाखेपुरतं नाही.

बचत खात्याचा दर आपण ठरवत नाही, हे मला माहीत आहे. २५ ऑक्टोबर २०११ ला रिझर्व्ह बँकेने तो मोकळा केला. त्या वेळी सगळीकडे ४ टक्के होते. दर मोकळे झाले की बँका ठेवीदारासाठी आपापसांत चढाओढ करतील, हा त्यामागचा विचार होता आणि काही खासगी बँकांनी तेव्हा सहा टक्क्यांपर्यंत दर नेलाही. पण आमच्यासारख्यांची खाती जिथे आहेत त्या मोठ्या बँकांत आज अडीच टक्के मिळतात. पोस्टाच्या बचत खात्यावर मात्र आजही ४ टक्केच आहेत. चौदा वर्षांची चढाओढ आम्हाला चारवरून अडीचवर घेऊन आली.

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत आपण रेपो दर, म्हणजे आपण बँकांना ज्या दराने उसने पैसे देता तो दर, ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला. आमच्या पुतण्याच्या घरकर्जाचा दर त्यामागोमाग चढत गेला. चढणारच, कारण १ ऑक्टोबर २०१९ पासून अशी बदलत्या दराची नवी कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधण्याचा नियम आपणच केला आहे. पुतण्याच्या कर्जाची मुदत पाच वर्षांनी वाढली. त्याच काळात देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकेत, स्टेट बँकेत, सामान्य माणसाच्या बचत खात्यावरचा दर २.७० टक्केच राहिला. वाढ मिळाली ती १० कोटींच्या वर शिल्लक असलेल्यांना, त्यांना ३ टक्के. पुढे फेब्रुवारी २०२५ पासून रेपो उतरू लागला, तेव्हा मात्र बचत खात्याला तो बरोबर दिसला. जून २०२५ मध्ये २.७० चे २.५० झाले. मोठ्या खासगी बँकांनीही त्याच सुमारास अडीच केले. चढताना आम्ही जागच्या जागी आणि उतरताना सगळ्यांबरोबर खाली.

असं बांधता येत नाही, असं कोणी म्हणू नये. याच स्टेट बँकेने १ मे २०१९ पासून एक लाखावरच्या बचत शिलकीचा दर रेपोला जोडून दाखवला होता. पुढे तो प्रयोग सोडून दिला गेला.

माझ्या तक्रारी अशा :

१. कर्ज घेताना १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जदाराला मुख्य तथ्यांचं एक विवरणपत्र द्यावं लागतं. एकूण वार्षिक खर्च किती, दंड कोणते, सगळं एका जागी. ही आपण केलेली चांगली गोष्ट आहे आणि पुतण्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाच्या वेळी तिचा उपयोग आम्ही पाहिला. ठेव ठेवणाऱ्याला असा कागद का नाही? कर्जात बँकेचा पैसा आमच्याकडे येतो आणि ठेवीत आमचा पैसा बँकेकडे जातो. ज्याचा पैसा जातो, त्याला माहिती जास्त लागते.

२. मुदतींचे टप्पे कोणी समजावून सांगत नाही. २०२५ च्या उत्तरार्धातलं एका मोठ्या सरकारी बँकेचं दरपत्रक मी वहीत उतरवून ठेवलं आहे. ४६ ते १७९ दिवसांना ४.९० टक्के, १८० दिवसांपासून ५.६५ टक्के. दोन लाख रुपये १७९ दिवस ठेवले तर ४,८०६ रुपये आणि १८० दिवस ठेवले तर ५,५७३. एका दिवसाला साडेसातशेहून जास्त रुपये. आमच्यातल्या एकीने ‘पाच महिने करा’ म्हणून सांगितलं आणि तिची पावती १५० दिवसांची झाली. तिला पैसे लागणार होते जुलैच्या अखेरीला. सहा महिन्यांची केली असती तरी चाललं असतं, पण तिला तसं विचारलंच गेलं नाही.

३. ‘पावती मोडली की पैसे बुडतात’ ही भीती घराघरांत आहे. त्याच भीतीने जूनचा पैसा बचत खात्यात राहतो. खरा हिशेब असा की एक वर्षाची पावती १५० व्या दिवशी मोडली, तर जेवढे दिवस पैसे राहिले तेवढ्या मुदतीचा दर मिळतो आणि त्यातून साधारण अर्धा ते एक टक्का कापला जातो. वरच्याच दरपत्रकाप्रमाणे ४.९० मधून अर्धा गेला तरी ४.४० उरतात. दोन लाखांवर १५० दिवसांचे ३,६१६ रुपये. बचत खात्यात तेवढ्याच दिवसांचे २,०५५. म्हणजे मोडलेली पावतीसुद्धा न केलेल्या पावतीपेक्षा दीड हजारांनी बरी. हे मी गटात फळ्यावर मांडलं तेव्हा दोघींना ते खरं वाटेना, म्हणून पुन्हा मांडलं. बँकेत हे एक वाक्य बोलायला अर्धा मिनिट लागतो.

४. खात्यातली ठरावीक रकमेच्या वरची शिल्लक आपोआप ठेवीत जाते आणि गरज लागली की तेवढाच तुकडा मोडून परत येतो, अशी सोय बहुतेक मोठ्या बँकांत आहे. प्रत्येक बँकेत तिचं नाव वेगळं. पगारदारांना ती माहीत असते. आमच्या बारा जणींपैकी एकीनेही ऐकली नव्हती, मीसुद्धा नाही.

५. मुदत संपलेल्या ठेवीचं. जुलै २०२१ च्या आपल्याच परिपत्रकानुसार मुदत संपूनही पैसे तसेच राहिले, तर त्यावर बचत खात्याचा दर किंवा पावतीवरचा दर, यांपैकी जो कमी असेल तो मिळतो. आमच्या शेजारच्या आजींनी नूतनीकरणाच्या रकान्यात खूण केलेली नव्हती. पावती दोन वर्षं पत्र्याच्या पेटीत राहिली. एक फोन, एक पोस्टकार्ड आलं नाही. हप्ता चुकला तर मात्र दुसऱ्या दिवशी फोन येतो.

६. ‘सात टक्क्यांपर्यंत व्याज’ या जाहिरातीतलं ‘पर्यंत’. काही लघु वित्त बँका बचत खात्यावरही चांगला दर देतात. त्यांच्यातल्या ठेवींना इतर बँकांसारखंच ठेव विम्याचं (बँक बुडाली तर ठरावीक रकमेपर्यंत पैसे परत मिळण्याचं) संरक्षण आहे आणि आमच्यापैकी काही जणी तिथे थोडे पैसे ठेवायला तयारही आहेत. पण तो मोठा दर बहुधा काही लाखांच्या वरच्या शिलकीवरच असतो, खालच्या रकमेवर कितीतरी कमी. जाहिरातीत मोठा आकडा मोठ्या अक्षरात आणि टप्पे तारांकनाखाली. पन्नास हजार ठेवणाऱ्या बाईला तिच्या पन्नास हजारांवर किती मिळेल, तेवढंच हवं असतं.

७. किरकोळ ग्राहकाचे छापील कागद हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत असावेत, असं आपल्या सूचनांत आहे. ठेवीची पावती मराठीत असलेली मी शेवटची कधी पाहिली ते आठवत नाही. ऑनलाइन काढलेली तर नाहीच.

आता सरकारी बिलांविषयी. १२ नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ या संकेतस्थळावर सामान्य माणसाला ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारला थोड्या मुदतीसाठी दिलेल्या कर्जाचे कागद, घेता येतात, किमान दहा हजारांची. २०२५ च्या अखेरीला त्यांवर सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांच्या आगेमागे परतावा होता. सरकारची हमी आणि ९१ दिवस. फेब्रुवारीत पडलेल्या उसाच्या बिलासाठी याहून चपखल जागा मला तरी दिसत नाही. हे आपल्याच घरचं काम आहे, तरी आमच्या तालुक्यात मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. बँकेच्या कर्मचाऱ्यालाही नाही. मी तिथलं खातं मुलाच्या मदतीने उघडलं. मुलगा पुण्याला नसता तर झालं नसतं.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी मुंबईत बसून कदाचित दिसत नसेल. बँक अडीच टक्के देते, म्हणून माणूस उठून पतसंस्थेत जातो. तिथे दीड-दोन टक्के जास्त असतात, पिग्मीवाला रोज दारात येतो आणि चेअरमन ओळखीचा असतो. ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांचं संरक्षण, जे फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून वाढवलं, ते बँकांतल्या ठेवींना आहे. पतसंस्थांना नाही. दारावर ‘सहकारी’ लिहिलेलं दिसलं की लोक दोन्ही एकच समजतात. बँक बुडाली तर काय होतं, ते सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांनी भोगलं. पहिल्या आदेशात सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. २०२१ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर असे निर्बंध आले तरी विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची सोय झाली, हे चांगलं झालं. पतसंस्थेच्या ठेवीदाराला तीही नाही. दोन टक्क्यांसाठी तो सगळं मुद्दल पणाला लावतो आणि त्याला ते माहीत नसतं. त्याला लोभी म्हणणं सोपं आहे. माझ्या ओळखीतले असे सगळे जण मुलीच्या लग्नाचे किंवा म्हातारपणाचे पैसे घेऊन गेलेले आहेत. बँकेने त्यांना त्यांच्याच शाखेत सहा टक्के कसे मिळतील ते सांगितलं असतं, तर त्यांतले बरेच जण गेले नसते.

आम्ही आमच्यापुरतं काय केलं तेही सांगते, म्हणजे नुसतं गाऱ्हाणं होणार नाही. प्रत्येकीने दोन महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे बचत खात्यात ठेवले. जूनचा पैसा तुकडे करून ठेवींत घातला : दोन लाखांची एक पावती करायची नाही, पन्नास-पन्नासच्या चार करायच्या, म्हणजे अडचण आली तर एकच मोडावी लागते. ज्यांना वर्षभर गरज नाही त्यांनी पोस्टाच्या एक वर्षाच्या ठेवीत ठेवले, तिथे ६.९ टक्के दर होता. मात्र पोस्टाची ठेव सहा महिन्यांच्या आत मोडता येत नाही, म्हणून जूनचा पैसा तिथे नको. एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांच्या वर कोणाचंच जाऊ द्यायचं नाही, हेही ठरवलं. भिशी चालू आहे, ती बंद करा म्हणण्याचं धाडस मी केलं नाही. भिशीत व्याज नसतं, पण अडल्या वेळी माणूस असतो.

हे सगळं बारा जणींना समजावायला मला दोन बैठका लागल्या. तालुक्यात असे शेकडो गट आहेत आणि प्रत्येक गटात बी.कॉम. झालेली सचिव नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट लिहिते.

रिझर्व्ह बँकेने ठेवीसाठीही एका पानाचं मुख्य तथ्य विवरणपत्र सक्तीचं करावं, मराठीत, ठेव ठेवण्याआधी. त्यात मुदत संपल्यावर हाती येणारे रुपये, मध्येच मोडल्यास मिळणारे रुपये, लगतच्या टप्प्याचा दर आणि विम्याचं संरक्षण, एवढं असावं. टक्क्यांबरोबर रुपये हवेतच.

बचत खात्याचा दर कर्जासारखाच बाहेरच्या दराला बांधावा. किती अंतर ठेवायचं ते बँकांनी ठरवावं, पण रेपो चढला की तोही चढला पाहिजे. ते शक्य नसेल तर निदान एक लाखापर्यंतच्या शिलकीला पोस्टाइतका किमान दर ठेवावा.

बचत खात्यात एक लाखाहून जास्त रक्कम सलग तीन महिने हलली नाही, तर बँकेने खातेदाराला मराठीत संदेश पाठवून ठेवीचे आणि आपोआप ठेवीत जाणाऱ्या सोयीचे पर्याय कळवावेत. मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधीही तसंच.

शाखेत ठेव ठेवायला आलेल्या माणसाला विमा विकायचा असेल, तर ‘ही मुदत ठेव नाही, इतकी वर्षं दर वर्षी इतके रुपये भरावे लागतील’ हे वाक्य त्याच्या भाषेत त्याच्याकडून वाचून घ्यावं. वाचता येत नसेल तर घरच्या माणसासमोर वाचून दाखवावं आणि त्यासाठी दुसरा दिवस द्यावा.

ट्रेझरी बिलांचा अर्ज शाखेत बसून मराठीत भरता यावा.

सहकार आयुक्तांना विनंती की प्रत्येक पतसंस्थेच्या दारावर आणि प्रत्येक पिग्मी कार्डावर ठळक अक्षरात लिहिलेलं असावं : ‘येथील ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही.’ चांगल्या चाललेल्या पतसंस्थांचं यात काही नुकसान होणार नाही, आमच्या गावची पतसंस्था तीस वर्षं नीट चालली आहे आणि तिच्या सचिवांनी हे मला स्वतः सांगितलं.

बँकांच्या प्रमुखांना एवढंच : पुढच्या वेळी एखादी बाई चार लाखांचं पासबुक भरून घ्यायला येईल, तेव्हा खिडकीतल्या माणसाला तिच्याशी ते अर्धं मिनिट बोलू द्या. त्याला विम्याचं उद्दिष्ट दिलेलं असतं, ते आम्हाला माहीत आहे. ठेवीदाराला योग्य ठेवीत बसवण्याचंही उद्दिष्ट द्या.

जाऊबाईंच्या पॉलिसीची तक्रार आम्ही बँकेकडे लेखी दिली आहे. तीस दिवस झाले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. हे पत्र त्या तक्रारीसाठी नाही.

उत्तर पाठवलंत तर मराठीत पाठवावं. आमची बैठक दर महिन्याच्या ५ तारखेला दुपारी असते, तिथे मी ते वाचून दाखवेन.

कळावे,
आपली नम्र,
एका बचत गटाची सचिव
ता. कराड, जि. सातारा